काळ्या दगडाचे देणे

गेल्या श्रावणात आम्ही सिल्वासाजवळच्या खेरडी गावी एका स्नेह्यांकडे दोन दिवस मुक्कामास होतो. या मुलुखात वर्षाकाठी दोन हजार मिलिमीटरांहून अधिक पाऊस पडतो आणि तो बहुतेक सारा चार महिन्यांत उरकतो. सकाळी ओट्यावर चहा घेत बसलो असता पागोळ्यांपलीकडे शिवेवरचा ओहोळ तांबडा होऊन धावताना दिसत होता. यजमानांची नात, इयत्ता सहावीत शिकणारी, बराच वेळ त्याकडे पाहत उभी होती. मग तिने आजोबांना विचारले, “आजोबा, हे सगळे पाणी शेवटी समुद्रातच जाते ना? मग समुद्र गोड का होत नाही?”

आजोबांनी प्रश्न हळूच आमच्याकडे सरकवला. “हे मासिकात लिहितात, त्यांना विचार.”

आम्ही नेहमीचे उत्तर दिले. नदी नुसते पाणी नेत नाही, पाण्यात विरघळलेले क्षारही नेते. पाण्याची वाफ होते आणि ते ढगांतून माघारी येते. क्षार मात्र तेथेच राहतात. मुलीने क्षणभर विचार केला आणि म्हणाली, “म्हणजे नदी समुद्राला काहीतरी देते. काय काय देते?”

या प्रश्नाचे उत्तर चहाच्या एका पेल्यात संपणारे नव्हते. मासिकात सविस्तर लिहू, असे वचन देऊन आम्ही सुटका करून घेतली. ते वचन आज पाळीत आहो.

दमणगंगा ही नाशिक जिल्ह्यातील दिंडोरी तालुक्यात सह्याद्रीच्या अंगावर उगम पावते, मधुबन धरणाच्या जलाशयात विसावते, नगर हवेलीचा मुलूख ओलांडते आणि दमण येथे अरबी समुद्रास मिळते. प्रवास अवघा १३१ किलोमीटरांचा. खेरडीचा तो ओहोळही आपल्या वाटेने याच खोऱ्यात उतरतो. पुराच्या पाण्याचा तांबडा रंग हे तिचे दिसणारे ओझे होय. त्यातील पुष्कळ गाळ धरणात अडतो. परंतु तिचे दुसरे ओझे डोळ्यांना दिसत नाही आणि कोणत्याही भिंतीला अडत नाही, कारण ते पाण्यात साखरेसारखे विरघळलेले असते. समुद्राचे आरोग्य ज्यावर अवलंबून आहे, ते हेच ओझे.

हे ओझे येते कोठून? पावसाचा थेंब खाली येताना हवेतील थोडा कर्बवायू आपल्यात घेतो. शाळेच्या पुस्तकात ज्यास कार्बन डायऑक्साइड म्हणतात, त्यास आम्ही येथे जुन्या सवयीने कर्बवायू म्हणत आहो. हा वायू पाण्यात मिसळला की पाणी अगदी सौम्य आम्ल बनते. सोडावॉटरची जिभेस जाणवणारी चुणचुण ती हीच. पुढे तो थेंब मातीत मुरतो. तेथे मुळे श्वास घेत असतात, पाचोळा कुजत असतो. त्यामुळे मातीच्या पोकळीतील हवेत कर्बवायूचे प्रमाण बाहेरच्या हवेच्या कितीतरी पट असते. असे दुप्पट-तिप्पट आंबूस झालेले पाणी मग खडकाला भिडते.

आणि खडक कोणता? तर आपला काळा पाषाण. सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी भूगर्भातील तप्त रस थरांवर थर पसरून जो बेसाल्ट बनला, त्याने आजही सुमारे पाच लाख चौरस किलोमीटरांचा प्रदेश व्यापला आहे. सह्याद्रीचे कडे, किल्ल्यांचे बुरूज, घरातले पाटे-वरवंटे आणि रस्त्याची खडी ही सारी त्याचीच. कठीणपणासाठी आपण त्याची उपमा देतो. पण पावसाचे आंबूस पाणी त्याला सावकाश खातेच. त्यातील कॅल्शियम व मॅग्नेशियम सुटे होऊन पाण्याबरोबर निघतात आणि पाण्यातील कर्बवायू त्यांच्या संगतीने बायकार्बोनेट नावाच्या रूपात बांधला जातो. मागे उरते ती माती. दख्खनची काळी कसदार जमीन म्हणजे या झिजेचा मागे राहिलेला भाग. समुद्राकडे गेलेला भाग म्हणजे नदीचे अदृश्य ओझे. एका दगडाच्या या दोन वाटण्या आहेत. एका वाटणीवर आपण पिकतो, दुसरीवर समुद्रातले शिंपले.

पुढची गोष्ट समजण्यासाठी एक प्रयोग घरी करून पाहावा. पानाला लावायचा चुना चमचाभर घेऊन पेलाभर पाण्यात ढवळावा व रात्रभर झाकून ठेवावा. सकाळी वर आलेली नितळ निवळी अलगद काढावी. तिचा एक भाग आणि पावसाचे स्वच्छ पाणी आठ-दहा भाग असे मिश्रण करून त्यात नळीने हळूहळू फुंकावे. (वडील माणसाने जवळ असावे. निवळी तोंडात ओढू नये आणि डोळ्यांत उडू देऊ नये.) थोड्याच वेळात पाणी दुधी होते. आपल्या उच्छ्वासातील कर्बवायू आणि निवळीतील चुना यांचा मिलाफ होऊन पांढरी भुकटी तयार होते. शिंपला, शंख, कवडी आणि प्रवाळ ज्याचे बनतात, तेच हे कॅल्शियम कार्बोनेट. मुले येथे टाळ्या वाजवतात व थांबतात. पण थांबू नये. विसावा घेत घेत आणखी बराच वेळ फुंकीत राहावे. मग दुधी रंग विरळ होऊ लागतो आणि पाणी पुन्हा नितळ होते. ज्या वायूने ती भुकटी घडवली, त्याच्याच अधिक मात्रेने ती विरघळवली! आता हे नितळ पाणी उकळावे. कर्बवायू उडून जातो आणि भांड्याच्या बुडाशी पांढरा थर धरू लागतो. जड पाण्याच्या गावी बंबात आणि गिझरमध्ये जो क्षार साचतो, त्याची कथा हीच.

वाचकहो, समुद्राच्या रसायनशास्त्राचा गाभा या पेल्यात आला. समुद्रात हवेच्या सुमारे पन्नास पट कार्बन साठलेला आहे. त्यातील नव्वद टक्क्यांच्या आसपास बायकार्बोनेटच्या रूपात, म्हणजे आपल्या पेल्यातील शेवटच्या नितळ पाण्याच्या रूपात असतो. उरलेला बहुतेक कार्बोनेटच्या रूपात आणि केवळ एक टक्क्याच्या आसपास निव्वळ विरघळलेल्या वायूच्या रूपात. या तिघांचा तोल सतत सांभाळला जातो. वायू वाढला की कार्बोनेट खर्ची पडते आणि बायकार्बोनेट वाढते. शिंपल्याला घर बांधण्यास लागते ते कार्बोनेट.

आता या व्यवहाराचा जमाखर्च मांडू. काळ्या दगडातून सुटलेला कॅल्शियमचा एक कण हवेतील कर्बवायूचे दोन कण बांधून समुद्रात नेतो. तेथे एखादी तिसरी किंवा डोळ्यांना न दिसणारा एखादा सूक्ष्म जीव त्यातून आपले कवच घडवतो. आश्चर्य असे की, कवच घडताना दोनांपैकी एकच कण त्यात जातो आणि दुसरा मोकळा होऊन वायुरूपाने परत फिरतो. म्हणजे दोन घेतले, एक परत दिला, एक ठेवला. ठेवलेला कण कवचाबरोबर तळाशी जातो आणि कालांतराने चुनखडीच्या खडकात बंदिस्त होतो. चुनखडी स्वतः झिजते तेव्हा मात्र हिशेब शून्यावर येतो, कारण तेथे एक कण हवेचा व एक दगडाचाच असतो आणि समुद्रात कवच होताना हवेचा हवेला परत जातो. शिल्लक पडते ती आपल्या काळ्या पाषाणासारख्या खडकांच्या झिजेतूनच.

हा नुसता तर्क नव्हे. फ्रान्समधील शास्त्रज्ञांनी नर्मदा, तापी व वैनगंगा यांच्या पाण्याचे पृथक्करण करून २००१ साली दख्खनच्या झिजेचा हिशेब प्रसिद्ध केला. अहमदाबादच्या भौतिकी संशोधन प्रयोगशाळेतील शास्त्रज्ञांनी कृष्णेचे खोरे आणि पश्चिम घाटातून अरबी समुद्राकडे धावणाऱ्या नद्या तपासून २००५ साली आपले निष्कर्ष मांडले. बेसाल्ट हा जगातील अतिशय लवकर झिजणाऱ्या खडकांपैकी एक आहे, आणि ऊन व पाऊस जेथे मुबलक तेथे ही झीज अधिक होते, असे या व अशा अभ्यासांतून दिसून आले. पृथ्वीच्या जमिनीचा अगदी थोडा भाग बेसाल्टने व्यापला असला, तरी अशा प्रकारच्या झिजेतून जो कर्बवायू शोषला जातो, त्यातील सुमारे तीस टक्के वाटा एकट्या बेसाल्टचा मानला जातो. ज्या उद्रेकांनी एके काळी हवेत अपार कर्बवायू ओतला, त्यांच्याच थिजलेल्या रसाने पुढे लाखो वर्षे तो हवेतून काढून घेतला. दगडाने आपले देणे स्वतःच फेडले म्हणायचे.

येथे नगर हवेलीचा इतिहास आठवल्यावाचून राहत नाही. मराठ्यांच्या आरमाराकडून एका पोर्तुगीज जहाजाचे नुकसान झाले, त्याच्या भरपाईपोटी १७८३ साली हा मुलूख पेशव्यांकडून पोर्तुगीजांकडे गेला. १९५४ साली तो मुक्त होईपर्यंत येथल्या पिढ्यांनी ती भरपाई भोगली. समुद्रावरच्या नुकसानीची किंमत डोंगराच्या पायथ्याच्या गावांनी मोजली. दगडाच्या बाबतीतही तसेच चालू आहे, फरक इतकाच की हे देणे कोणी लादलेले नाही.

मग आता चिंता कशाची? दगड देतो आहे, नदी नेते आहे, समुद्र साठवतो आहे. चिंता वेगाची आहे. साऱ्या जगातील अशा खडकांची झीज मिळून वर्षाला सुमारे ५० कोटी टन कर्बवायू हवेतून घेते. आपण माणसे कोळसा, तेल, वायू जाळून आणि सिमेंट बनवून वर्षाला ३७ अब्ज टनांहून अधिक कर्बवायू हवेत सोडतो. म्हणजे सत्तर पटींहून अधिक! ज्या घरात महिन्याला हजार रुपये येतात आणि सत्तर हजार खर्च होतात, त्या घराचे काय होईल हे आमच्या भगिनींना सांगावयास नको. ते घर उधारीवर चालते. आपली ही उधारी सध्या हवा, झाडे आणि समुद्र यांच्या खात्यावर चालली आहे.

समुद्राच्या खात्यावर दरवर्षी या वायूचा सुमारे एक चतुर्थांश भाग पडतो. समुद्राने तो उचलला नसता तर हवा याहून कितीतरी अधिक तापली असती. कारखाने सुरू होण्यापूर्वी हवेच्या दहा लाख भागांत कर्बवायू सुमारे २८० भाग होता. हवाई बेटावरील मौना लोआ येथे चार्ल्स कीलिंग यांनी १९५८ साली नियमित मोजणी सुरू केली तेव्हा तो सुमारे ३१५ भाग होता, आणि आता ४२० भागांच्या वर गेला आहे. समुद्राच्या मदतीलाही मर्यादा आहे. रॉजर रेव्हेल व हान्स स्यूस यांनी १९५७ सालीच या प्रश्नास हात घातला होता. हवेतील कर्बवायू शेकडा दहाने वाढला, तर समुद्राच्या वरच्या थरातील विरघळलेला कार्बन शेकडा एकाच्या आसपासच वाढतो. तोल सांभाळणारे कार्बोनेट जसजसे खर्ची पडते, तसतसे समुद्राला पुढचा घोट गिळणे जड जाते.

या घोटांची खूण पाण्यात उमटली आहे. हळदीला चुना लागला की ती लाल होते व लिंबू पिळले की पुन्हा पिवळी होते, हे आपण कुंकवाच्या निमित्ताने जाणतो. आम्ल आणि अल्क यांची ही परीक्षा. शास्त्रज्ञ ती सामू नावाच्या आकड्याने करतात. सात हा मध्य. त्याखाली आम्ल, त्यावर अल्क. समुद्राच्या पृष्ठभागाचा सामू पूर्वी सुमारे ८.२ होता, तो आता ८.१ च्या आसपास आला आहे. फरक क्षुल्लक वाटतो. परंतु या मापात एक अंक उतरणे म्हणजे आम्लता दहा पट होणे. त्या हिशेबाने एवढ्याशा उताराचा अर्थ आम्लतेत पंचवीस ते तीस टक्क्यांची वाढ असा होतो. समुद्र अजून अल्कच आहे, आणि आंबट होईल अशी भीतीही नाही. शंख-शिंपले सर्वत्र विरघळू लागले, असेही नव्हे. पण घर बांधण्याचा चुना महाग झाला आहे, आणि महागाईत प्रथम कोण मरते? नुकताच जन्मलेला जीव.

अमेरिकेच्या ओरेगॉन किनाऱ्यावर कालवांची पैदास करणाऱ्यांना २००७ सालापासून याचा अनुभव आला. टाक्यांतील कालवांची पिले लाखोंनी मरू लागली. आधी रोगजंतूंचा संशय घेतला गेला. अखेर कळले की, वाऱ्यामुळे खोलातून वर आलेले समुद्राचे पाणी कर्बवायूने भारलेले होते आणि जन्मानंतरच्या पहिल्या एक-दोन दिवसांत पिलांना कवच धरता येत नव्हते. उपाय कोणता केला असेल? टाकीच्या पाण्यात धुण्याचा सोडा मिसळला! पिले पुन्हा जगू लागली. टाकीत सोडा घालता येतो. समुद्रात कोण घालणार?

आपल्या अरबी समुद्राचा स्वभाव तर आधीच नाजूक आहे. नैर्ऋत्य मोसमी वारे सुटले की सोमालिया व ओमानच्या किनाऱ्यांलगत आणि काही अंशी आपल्या दक्षिणेकडील पश्चिम किनाऱ्यालगतही, खोलातले पाणी वर येते. कुजलेल्या जीवांपासून निघालेला कर्बवायू त्यात साठलेला असतो. गोव्यातील दोना पावला येथील राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था १९६६ साली स्थापन झाली. तेथील शास्त्रज्ञांनी विशेषतः १९९० नंतरच्या दशकात ‘सागर कन्या’सारख्या जहाजांवरून ऋतूऋतूंत मोजमाप केले. त्यातून असे दिसले की, वर्षाचा एकंदर हिशेब करता अरबी समुद्र हवेतून घेण्यापेक्षा हवेला कर्बवायू अधिक देतो. शिवाय सुमारे दीडशे मीटरांपासून हजार मीटरांपर्यंतच्या थरात प्राणवायू अत्यल्प असतो. ज्याच्या पदरी मुळातच थोडे आहे, त्याच्यावर अधिक भार पडत आहे. मालवणच्या प्रवाळांपासून कोकणातल्या तिसऱ्यांपर्यंत ज्यांचा संसार चुन्यावर उभा आहे, त्यांची आणि त्यांवर पोट भरणाऱ्या किनाऱ्यावरच्या बायाबापड्यांची काळजी वाटते ती यासाठी.

दगडाची झीज वाढवता येईल काय, असा प्रश्न सुज्ञ वाचकांच्या मनात आला असेल. शास्त्रज्ञांच्याही आला. अखंड खडकापेक्षा भुकटी लवकर झिजते, हे पिठीसाखर आणि खडीसाखर पाहणाऱ्या कोणासही पटेल. बेसाल्टची बारीक भुकटी शेतात पसरावी; पावसाने ती झिजावी, पिकाला कॅल्शियम-मॅग्नेशियम मिळावे आणि बांधलेला कर्बवायू नदीवाटे समुद्रास जावा, अशी ही कल्पना. भारतातील लहान शेतकऱ्यांबरोबर हे काम करणाऱ्या माती कार्बन या संस्थेला २०२५ साली एक्सप्राइज स्पर्धेचे ५ कोटी डॉलरांचे पहिले पारितोषिक मिळाले. आपल्या खडीक्रशरांजवळ साचलेल्या काळ्या भुकटीलाही उद्या मोल येईल, असे म्हणता येते. परंतु दगड दळण्यास वीज लागते, वाहून नेण्यास डिझेल लागते, आणि प्रत्येक शेतात किती वायू खरोखर बांधला गेला हे मोजणे सोपे नाही. आणि मुख्य म्हणजे सत्तर पटींची उधारी भुकटीने फिटणार नाही. उधारी फेडण्याचा पहिला नियम नवी उधारी थांबवणे हाच. धूर कमी केल्यावाचून उरलेले सारे उपाय ठिगळाचे आहेत.

खेरडीस आम्ही ही हकीकत थोडक्यात सांगितली तेव्हा आजोबा बराच वेळ बोलले नाहीत. या मुलुखात कारखाने आले, त्यांपैकी एकात त्यांनी उमेदीची वर्षे काढली, त्या पगारावर हे घर उभे राहिले आणि मुले शिकली. ते म्हणाले, “आम्ही भट्टीपुढे उभे राहिलो तेव्हा धुराचा हिशेब कोणी सांगितला नाही. सांगितला असता तरी पोट होतेच.” त्यांच्या बोलण्यात तक्रार नव्हती. त्यांच्या पिढीला दोष देणे आम्हासही योग्य वाटत नाही. त्या पिढीने उपास काढले आहेत. मात्र ज्यांना हिशेब ठाऊक झाला, त्यांना अज्ञानाची सवलत उरत नाही. घरातील दिवा, वाहन, पंखा, बांधकाम यांची निवड आता आपल्याला हिशेबाने करावी लागेल, आणि गिरण्या-कारखान्यांनी कोणती वीज वापरावी याबद्दल विचारणाही करावी लागेल.

मुलीचा प्रश्न होता, नदी समुद्राला काय काय देते? बाळ, उत्तर असे आहे: नदी समुद्राला डोंगर देते, कणाकणाने, आणि समुद्र त्याचे शिंपले करतो. हे फार जुने आणि फार सावकाश चाललेले काम आहे. त्याला घाई करता येत नाही. आपल्याला आपली घाई कमी करता येईल.

निवळीचा प्रयोग तिने आमच्या देखत केला. पाणी दुधी झाले तेव्हा ती हसली. पुन्हा नितळ झाले तेव्हा गंभीर झाली आणि पेला तसाच ओट्यावर ठेवून पावसाकडे पाहू लागली.